दिवाळीचा किल्ला वर्षभर ठेवावा, की तुळशीच्या लग्नानंतर मोडावा?

गेरूकाव

वसुबारसेला उभा राहिलेला किल्ला त्रिपुरी पौर्णिमेनंतर मोडला जातो. जेमतेम अठरा-एकोणीस दिवस. त्यातले पहिले तीन-चार दिवस माती सुकण्यात आणि अळीव उगवण्यात जातात. मुलं खेळायला लागतात न लागतात तोच किल्ला संपतो आणि चित्रं, म्हणजे मावळ्यांच्या छोट्या मूर्ती, माळ्यावर जातात. माझं स्पष्ट मत आहे की किल्ला मोडू नये. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, ६ जूनचा राज्याभिषेकाचा दिवस, पावसाळ्यातला हिरवा डोंगर, हे सगळं त्याच किल्ल्यावर मुलांना करता आलं पाहिजे.

तो टिकत नाही याचं कारण माती. अंगणातली मिळेल ती माती थापली जाते. काळी माती तर अजिबात नको. ती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते, आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्याला हाताएवढ्या भेगा पडतात. चार घमेली चाळलेली लाल माती, एक घमेलं बारीक वाळू, अर्धं घमेलं भाताचं तूस आणि अर्धं घमेलं शेण असं मिश्रण मळून दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली मुरू द्यावं. लावण्याआधी भाकरीएवढी वडी थापून सावलीत सुकवावी. वडी तडकली तर वाळू वाढवा, बोटाने दाबल्यावर भुगा झाला तर माती वाढवा. पहिला थर बोटभर जाड. तो निम्मा सुकला की भेगा दिसतील, त्यांत पातळ दुसरा थर जिरवायचा आणि वरून गेरूचा हात. उन्हात सुकवायची घाई केली की वरची कातडी आधी आक्रसते आणि सुटते, म्हणून पहिले दोन दिवस सावलीच हवी.

पोयटा

मातीचं गणित पटलं, निष्कर्ष अजिबात पटला नाही. मोडणं हा या खेळाचाच भाग आहे.

ज्या मुलाने किल्ला स्वतः मोडला, त्याला तो आतून दिसतो. मधोमध फावड्याने उभा काप घेतला की पाणी कुठे मुरलं, कुठला दगड नुसत्या चिखलावर टेकला होता, गोणपाट कुठे कुजलं, हे उघड होतं. पुढच्या वर्षीचा बुरूज त्यामुळे सुधारतो. कायमचा किल्ला मूल एकदाच बांधतं. मग त्याच्या हाती फक्त डागडुजी उरते, आणि तीही फाल्गुनापर्यंत आईवडिलांच्या गळ्यात पडते.

शिवाय अळीव वर्षभर चालत नाही. अळीव वापरतात त्यामागे नेमकं कारण आहे. अर्धा तास भिजवला की बी बुळबुळीत होतं आणि उभ्या उतारावरही चिकटून राहतं. मोहरी तिथून घरंगळते. पण हेच रोप दोन-अडीच आठवड्यांत लांबतं, पिवळं पडतं आणि आडवं होतं. दाट पेरलं तर त्याआधीच बुडाशी बुरशी धरते. त्याजागी कायमची हिरवळ म्हणून हरळी लावाल, तर तिची मुळं तटबंदीत शिरून सहा महिन्यांत तट फोडतील.

आणि किल्ल्यावरचं तळं! प्लास्टिकची वाटी पुरून केलेल्या तळ्यात आठ-दहा दिवसांत डासांची पूर्ण पिढी तयार होते. दिवाळीत ते चालून जातं, कारण तळं लवकरच मोडायचं असतं.

भारवाहक

या चर्चेत वजनाचं कुणीच बोललेलं नाही. चार फूट बाय तीन फूट पाया आणि मधे दोन फूट उंची, म्हणजे उतार धरून सुमारे सहा घनफूट भरीव माती. ओली माती घनमीटरला साधारण १८०० किलो भरते. म्हणजे हा डोंगर ३०० किलोच्या आसपास, खाली दगड असतील तर जास्तच. पाया सव्वा चौरस मीटरसुद्धा नाही. घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला किमान ३०० किलो भार धरतात, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी फक्त १५०. तीन आठवडे सोसायटी डोळेझाक करते, वर्षभर करू नये. त्याच्या बुडाशी सतत ओल राहिली तर स्लॅबमधली सळई गंजते, हे आणखी वेगळं.

जमिनीवरच्या अंगणात हवा तेवढा भरीव किल्ला करा. वरच्या मजल्यावर मात्र नाही.

गेरूकाव

भारवाहक, मुद्दा पूर्ण मान्य. वरच्या मजल्यावर किल्ला पोकळच हवा. विटांवर उचललेली प्लायची फळी, तिच्यावर भाजीचे रिकामे क्रेट आणि पत्र्याचे डबे, त्यांवर कोंबडीजाळी, जाळीवर मातीच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट आणि मग एक इंच लेप. लेपाची माती सत्तर-पंचाहत्तर किलोच्या पुढे जात नाही. फळी विटांवर असल्याने खालून वारा फिरतो आणि फरशी कोरडी राहते.

पोयटा, तळ्याला तळाशी भोक पाडून बूच लावा आणि दर रविवारी ते मुलाकडून उघडून घ्या. हिरवळीचंही ऋतूप्रमाणे जमतं. थंडीत अळीव दर तीन आठवड्यांनी मूठभर, तोही एकाच उतारावर. उन्हाळ्यात डोंगर बोडका आणि पिवळाच ठेवावा, सह्याद्री तेव्हा तसाच दिसतो. पावसात आडोशाला ठेवला की शेवाळ आपोआप धरतं.

पोयटा

आडोशाला म्हणजे कुठे? कोकणात आडवा पाऊस व्हरांड्याच्या आत येतो. शेणामातीचा लेप तिथे आषाढ काढणार नाही. आणि तो टिकावा म्हणून सिमेंट मिसळलंत, तर मुलाच्या हाताला ती माती पुन्हा कधी वळवता येणार नाही. मग ते बागेतलं शोभेचं शिल्प झालं.

चिलखती_बुरूज

सिमेंट नको, याला दुजोरा. पण माझा वाद दोघांशीही आहे. टिकवायचा तो ढिगारा नाही, किल्ल्याचं काम टिकवायचं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले आले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यातला एक दिवाळीनंतर निवडावा आणि पुढची दिवाळी येईपर्यंत मुलाने त्याच्याच मागे असावं.

राजगड घ्या. त्याची संजीवनी माची, म्हणजे डोंगराची तटबंद सोंड, सुमारे अडीच किलोमीटर. एकास अडीच हजार प्रमाण धरलं तर ती एक मीटर होते आणि व्हरांड्यात मावते. सर्वेक्षण खात्याच्या एकास पन्नास हजारच्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरला असतात. या प्रमाणात वीस मीटर म्हणजे आठ मिलिमीटर, म्हणजे खोक्याच्या चार मिमी पुठ्ठ्याचे दोन थर. हिवाळ्यात रेषा मोठ्या करून छापायच्या आणि मुलाने एकेक थर कापायचा. उन्हाळ्यात थर चिकटवायचे आणि मधल्या पायऱ्या कागदाच्या लगद्याने बुजवायच्या. पावसाळ्यात, घराबाहेर पडता येत नाही तेव्हा, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्यांचे बुरूज शाडूने घडवायचे. दिवाळीला हाच सांगाडा मातीच्या किल्ल्याच्या शेजारी ठेवायचा आणि त्यात बघून खरा, मातीचा किल्ला रचायचा.

यातून एक गोष्ट मुलाला आपोआप कळते. बाजारातला दोन इंची मावळा या प्रमाणात सव्वाशे मीटर उंच ठरेल. खऱ्या मापाचा मावळा मोहरीच्या दाण्याहूनही लहान. डोंगर किती अफाट आहे हे सांगायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

पोयटा

हे मला पुष्कळ जवळचं वाटतं. धोका एवढाच की पुठ्ठा, नकाशा, प्रमाण म्हटलं की सुरी मोठ्यांच्या हातात जाते. दहा वर्षांखालच्या मुलाला समोच्च रेषा जड जातील. त्याला वर्षभर मातीत एकच अवयव करू द्या. उदाहरणार्थ रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी रचना. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतात, दार त्यांच्या आड आणि वाट वळून आत शिरते. तपासायला गोटी पुरे. समोरून सरळ सोडलेली गोटी दारावर आदळली, तर बुरूज चुकला. कुंडीएवढ्या मातीत हे होतं आणि मोडून पुन्हा करायला दहा मिनिटं लागतात.

गेरूकाव

गोटीची चाचणी उत्तम. तरीही अंगण असलेल्यांनी किल्ला ठेवून पाहावाच. निदान विदर्भ-मराठवाड्यात कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत सात-आठ महिने शेणामातीचा लेप सहज उभा राहतो. पहिला वळीव येण्याआधी चित्रं उचला. कच्च्या मातीची असतील तर एका सरीत विरघळतात, प्लास्टरची असतील तर रंगाचे पोपडे निघतात. कोरड्या फडक्याने पुसून, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात उभी ठेवा. आडवी रचली की भाल्यांचे हात आधी मोडतात.

भारवाहक

आणि तो डबा गच्चीवरच्या पत्र्याखाली नको. तिथल्या उन्हाने रंग चिकट होतो आणि कागद चित्राला धरतो.