लेहला उतरणाऱ्या जवानाचे सहा दिवस कमी ऑक्सिजनच्या कक्षाने वाचवता येतील का?

क्रीडाविद्यार्थिनी_पुणे

नमस्कार. मी पुण्यात क्रीडाविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत आहे. सहनशक्तीच्या खेळांतील अनेक खेळाडू ऑक्सिजनचे प्रमाण कमी केलेल्या तंबूत झोपून उंचावरील स्पर्धांची तयारी करतात, हे आम्ही वर्गात शिकतो. डीआरडीओची ‘डिपास’ ही दिल्लीच्या तिमारपूर भागातील प्रयोगशाळा तर १९६२ पासून उंची, थंडी आणि उष्णता यांचा सैनिकाच्या शरीरावर होणारा परिणाम अभ्यासत आहे. असे असताना विमानाने लेहला उतरलेल्या धडधाकट जवानाला आजही सहा दिवस का थांबवून ठेवावे लागते? हीच तयारी सपाटीवरच्या एखाद्या छावणीत कक्षात बसवून आधीच करून घेतली, तर निकडीच्या वेळी हे दिवस वाचणार नाहीत का?

निवृत्त_सैनिकी_वैद्य

सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना माझा बराच काळ उंच भागात गेला, म्हणून आधी प्रत्यक्षातली व्यवस्था सांगतो. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर चार दिवस आणि त्याहून वर जायचे असल्यास आणखी चार दिवस, असे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यातले पहिले दोन दिवस विश्रांतीचे असतात. म्हणजे बराकीतून भोजनगृहापर्यंत जाऊन येणे, एवढीच हालचाल. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सपाट वाटेने सावकाश दीड ते तीन किलोमीटर चालायचे. पाचव्या आणि सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चालण्याची आणि ३०० मीटरपर्यंतची चढण चढण्याची मुभा मिळते, तीही दमादमाने.

या वेळापत्रकामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातल्या तुकड्या घाईघाईने थेट उंचावर पाठवाव्या लागल्या आणि शत्रूची गोळी न लागताही माणसे आजारी पडली, दगावली. पुढे इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवरच्या १,९२५ जवानांची निरीक्षणे १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली, पर्वतीय आजारावरचे ते आजही मूलभूत काम मानले जाते.

आपल्या प्रश्नातील ‘धडधाकट’ या शब्दावरच मला थांबावेसे वाटते. फुप्फुसांत पाणी भरण्याचा जो विकार सैन्यात ‘हापो’ म्हणून ओळखला जातो, त्याच्यापासून तंदुरुस्ती संरक्षण देत नाही. उलट तंदुरुस्त तरुण गडी पहिल्याच दिवशी धावायला किंवा व्हॉलीबॉल खेळायला जातो आणि संकट ओढवून घेतो. हा विकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोके वर काढतो. कालपर्यंत सर्वांच्या पुढे असलेला जवान आज छोट्याशा चढावर मागे पडतो, कोरडा खोकतो आणि सोबत्यांना तो आळस करतो आहे असे वाटते. खरे तर तीच पहिली खूण असते आणि ती ओळखणारा हवालदार हजर असेल, तर ऑक्सिजन देऊन रुग्णाला वेळेत खाली उतरवता येते.

श्वसनाभ्यासक

शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून कारणांविषयी लिहितो. लेहच्या हवेतही ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो, पण एकूण वायुदाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. खेळाडूंच्या तंबूत याच्या उलट असते. तेथे दाब कायम राहतो आणि ऑक्सिजनची टक्केवारी उतरवली जाते. दोन्हींचा परिणाम पुष्कळसा सारखा असला, तरी तंतोतंत एक नाही.

विरळ हवेत गेल्यावर श्वसन काही तासांतच वाढते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते आणि तेच वाढलेल्या श्वसनाला पुन्हा आवर घालते. हा अडसर दूर करायला मूत्रपिंडांना रक्तातले बायकार्बोनेट हे अल्कधर्मी द्रव्य बाहेर टाकावे लागते आणि त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशींचे एकूण प्रमाण वाढायला तर काही आठवडे जातात. जवानाचे ते सहा दिवस प्रामुख्याने श्वसन आणि मूत्रपिंडे यांचा मेळ बसण्यासाठी असतात.

पूर्वतयारी अशक्य आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकी लष्कराच्या नॅटिक येथील पर्यावरणीय वैद्यक संस्थेने कोलोरॅडोतील ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर या विषयावर दीर्घकाळ प्रयोग केले आहेत. प्रत्यक्ष मध्यम उंचीवर मुक्काम करून किंवा दाब उतरवलेल्या कक्षात राहून केलेल्या तयारीचा उपयोग दिसतो; केवळ टक्केवारी उतरवलेल्या हवेतील तयारीचा लाभ त्या मानाने तोकडा ठरतो. शिवाय मिळालेले अनुकूलन सपाटीवर परतल्यावर ओसरू लागते. शेकडो जवानांच्या पलटणीला अशा कक्षात रोज कित्येक तास, तेही अनेक दिवस बसवायचे, तर वाचणारे दिवस आधीच खर्ची पडतात.

क्रीडाविद्यार्थिनी_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. मग दाब उतरवणाऱ्या कक्षाचा प्रशिक्षणात काय उपयोग उरतो?

वैमानिकी_प्रशिक्षण

पुष्कळ उपयोग आहे, फक्त हेतू वेगळा आहे. वायुसेनेत हा कक्ष वैमानिकाला स्वतःची लक्षणे ओळखायला शिकवतो. प्रशिक्षणार्थीला ऑक्सिजनचा मुखवटा काढून कागदावर सोप्या वजाबाक्या किंवा स्वतःचे नाव लिहायला सांगतात. थोड्याच वेळात अक्षर फाकते, ओळ खाली घसरते, एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहिला जातो, आणि त्याला मात्र आपले सारे उत्तम चालले आहे असे वाटत असते. मुखवटा पुन्हा चढवल्यावर तो कागद त्याच्यासमोर ठेवला जातो. कुणाची बोटे मुंग्या आल्यासारखी होतात, कुणाला उगाच हसू येते. ज्याचे लक्षण त्याला ठाऊक असले म्हणजे आकाशात वेळेवर ऑक्सिजनकडे हात जातो.

बंगळूरुच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमधील मानवी सेंट्रिफ्यूजचेही असेच आहे. लांब भुजेच्या टोकाशी बसवलेली खोली गरगर फिरते आणि लढाऊ विमानाच्या तीव्र वळणात होते तसे आत बसलेल्याचे रक्त पायांकडे ओढले जाते. पाय आणि पोटाचे स्नायू आवळून, दर तीन सेकंदांनी झटकन श्वास घेत मेंदूकडचा रक्तपुरवठा टिकवण्याची पद्धत तेथे घोटून घेतली जाते. हे कौशल्य आहे, म्हणून ते यंत्रात शिकवता येते. मूत्रपिंडांचे काम मात्र कौशल्य नाही आणि सरावाने ते उरकता येत नाही.

निवृत्त_सैनिकी_वैद्य

वरील भेद अगदी नेमका आहे. त्यात एवढीच भर घालतो की, आपल्याला संशोधन करायचे असेल तर दिवस कमी करण्यापेक्षा हापो कोणाला होण्याची शक्यता जास्त आहे, हे आधी ओळखण्याकडे वळावे. ज्याला तो एकदा झाला आहे, त्याला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो, हे आम्हाला माहीत आहे. पण पहिल्यांदाच वर जाणाऱ्या जवानाबाबत बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहून खात्रीने काही सांगता येत नाही. क्रीडाविज्ञान शिकलेल्या माणसांची तेथे खरोखर गरज आहे.