मदत हवी आहे: जुन्या गाडीचे फ्यूज परत परत कार्बन धरतात (गंजाचा थर बसतो), कायमचा उपाय काय?

शाहूपुरीकर
फ्यूज उडत नाही, तरी डाव्या हेडलाइटचा डिपर (खालचा झोत) मंद होतो, कधी बंदच पडतो. फ्यूज जागेवरच बोटानं फिरवला की लगेच लागतो. थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. फ्यूजच्या टोकांना पांढरी पूड, फ्यूज धरणाऱ्या क्लिपांवर हिरवट थर. पॉलिश पेपरनं घासून झालं, नवीन फ्यूज घालून झाले. पावसाळ्यात तर फारच त्रास. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गगनबावड्यावरून खाली कोकणात उतरायचंय, परतताना रात्र होणार. घाटात लाइट गेला तर काय करायचं? कृपया ‘वायरमनला दाखवा’ एवढंच सांगू नका, दाखवून झालंय. लवकर सांगा.

गडहिंग्लजकर
गाडी कुठली, कुठल्या सालची? फ्यूज काचेचा, पात्याचा की चिनीमातीचा? किती अँपिअरचा? बल्ब कंपनीचेच आहेत की बदललेत? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

अप्पा_बावडेकर
आधी बॅटरीचे टर्मिनल बघा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचे, कोरडे करून आवळायचे आणि वरून व्हॅसलीन लावायचं. मी कायम असंच करत आलोय, कधी तक्रार नाही.

शाहूपुरीकर
अप्पा, बॅटरी नवी आहे, टर्मिनल स्वच्छ आहेत. उजवा डिपर झकास लागतो, म्हणजे बॅटरीचा संबंध नाही.
गाडी पद्मिनी, १९८९. फ्यूज अर्थातच चिनीमातीचे, पांढरे. फोटो टाकलाय.

मालवणी_माणूस
तुमच्याकडे कसला गंज? आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात बघा, नवी गाडी दोन पावसाळ्यांत कुरतडली जाते. डब्ल्यूडी-४० मारा आणि विसरून जा. मी सगळ्या सॉकेटात मारतो.

उद्यमनगर_इलेक्ट्रिक
मालवणी भाऊ, ते पाणी हटवायला चांगलं. भिजलेलं सॉकेट लगेच सुरू करायचं असेल तर जरूर मारा. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि राहतो तो पातळ थर, त्याच्यावर धूळ बसते. वर्षभराचं संरक्षण त्यानं होत नाही. आणि गंजायला समुद्रच पाहिजे असं नाही. दमट हवा, धूळ आणि एकमेकांना चिकटून दोन वेगळे धातू, एवढं पुरतं. शाहूपुरीकर, तुमच्या फोटोत फ्यूजची पट्टी पांढरी दिसतेय, बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची. क्लिप पितळेची. ओल आली की आधी अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, ती तुमची पांढरी पूड. हिरवं आहे ते पितळ कळकल्याचं. तांब्याच्या पट्टीचे फ्यूज मागून घ्या.
अजून एक, फ्यूज बॉक्सचं कव्हर कुठाय?

शाहूपुरीकर
कव्हर गाडी घेतली तेव्हापासूनच नाही. त्यानं एवढा फरक पडतो?

उद्यमनगर_इलेक्ट्रिक
पडतो. धूळ बसली की ती ओल धरून ठेवते.

लई_भारी_गडी
भावा, सरळ १६ अँपिअरचा लाल फ्यूज टाक. जाड पट्टी, टेन्शन नाही. माझ्या गाडीत तसाच आहे, एकदम ओके.

मीटरवाला
कृपा करून असं काही करू नका. या जातीच्या फ्यूजमध्ये पिवळा ५, पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५ अँपिअरचा. त्यांचा फ्यूज उडतच नाहीये, मग मोठा घालून काय मिळणार? उलट उद्या वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूजच्या आधी वायर जळेल. १९८९ ची वायर, तिचं आवरण एव्हाना कडक होऊन तडकलेलं असतं. आईला घेऊन घाटातून जायचंय म्हणताहेत ते.

लई_भारी_गडी
माझी आजवर जळली नाही. अनुभव सांगितला, घ्यायचा तर घ्या.

मीटरवाला
शाहूपुरीकर, आता घासणं थांबवा आणि मोजा. क्लिपांवर मूळचा कथिलाचा मुलामा असेल तर पॉलिश पेपरनं तोही जातो आणि उघडं पितळ पुढच्या वेळी आणखी लवकर कळकतं.
इंजिन चालू, डिपर चालू. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॉक्समध्ये येणाऱ्या वायरच्या टर्मिनलला, दुसरं बल्बकडे जाणाऱ्या वायरच्या टर्मिनलला. चांगल्या जोडणीत व्होल्टचा एखाद-दुसरा शतांश दिसतो, फार तर एक दशांश. त्याच्यावर गेलं की कुठंतरी अडतंय. मग तुकडे पाडून मोजा: टर्मिनल ते क्लिप, क्लिप ते फ्यूजचं टोक, फ्यूजचं एक टोक ते दुसरं टोक, आणि पलीकडेही तसंच. बल्ब किती वॅटचा तेही लिहा.

कळंबा_रोड
एवढं कशाला? रिले बसवा (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). बॅटरीवरून वेगळी वायर, वेगळा पात्याचा फ्यूज. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून फिरून येतो, तिथंही व्होल्ट पडतात. रिले लावल्यावर उजेडातला फरक डोळ्यांना दिसेल. कोल्हापुरात कुठलाही वायरमन करून देईल.

जुनं_ते_सोनं
मूळ वायरिंग कापू नका हो. इतकी वर्षं टिकलेली गाडी आहे. जे जसं आहे तसं दुरुस्त होतं.

कळंबा_रोड
कापायचं कोण म्हणतंय? जुनं सॉकेट रिलेला जोडायचं, हवं तेव्हा काढून टाकता येतं.

सांगलीकर_७२
इथं बरेच पद्मिनीवाले दिसताहेत म्हणून विचारतो, १५ वर्षांनंतरची नोंदणी पुढं ५ वर्षांचीच मिळते ना? नूतनीकरणाला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते का?

गडहिंग्लजकर
५ वर्षांचीच. गाडी तपासणीला न्यावी लागते. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा.

शाहूपुरीकर
मोजलं. बल्ब हॅलोजन ६०/५५. एकूण ०.९० व्होल्ट. फ्यूज टोकापासून टोकापर्यंत ०.०५. दोन्ही क्लिपा आणि फ्यूजची टोकं मिळून ०.०६. आत येणाऱ्या बाजूचं टर्मिनल ते क्लिप ०.०४. आणि बल्बकडच्या बाजूला क्लिप ते टर्मिनल ०.७५! तिथं तर काही दिसतच नाही, सलग पितळच वाटतं.

मीटरवाला
सलग नाही. बॉक्स सोडवून उलटा करा. क्लिप आणि टर्मिनल रिव्हेटनं जोडलेले असतात. त्या रिव्हेटखाली कार्बन धरलाय. तिथं पॉलिश पेपर पोचतच नाही. तुम्ही फ्यूज फिरवता तेव्हा क्लिप हलते, रिव्हेट जरासा सरकतो आणि लाइट लागतो. म्हणून सगळ्यांना वाटत राहिलं की दोष फ्यूजचा.
डिपरच्या ५५ वॅटला साधारण साडेचार अँपिअर. त्याला ०.७५ नं गुणा, जवळपास ३.४ वॅट उष्णता त्या एका ठिपक्यावर. तापून क्लिपेचा ताण जातो, मग फ्यूजही ढिला बसतो. आणि व्होल्ट दहा टक्क्यांनी घटले तरी बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो.

जुनं_ते_सोनं
रिव्हेट ठोकून घट्ट करता येईल.

उद्यमनगर_इलेक्ट्रिक
नुसतं ठोकून पुन्हा ढिला होतो, आतला थर तसाच राहतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बॉक्स बाहेर घ्या. रिव्हेटभोवती पितळ चकचकीत होईपर्यंत घासा, हलकं ठोका आणि क्लिप व टर्मिनल मिळून सोल्डर भरा. सोल्डरिंगची मोठी इस्त्री घ्या, पण झटपट काम करा. फार वेळ तापवलं तर बॉक्स वितळेल आणि क्लिप मऊ पडेल. नवा बॉक्सही मिळतो, पण माझ्या हातून गेलेल्या नव्या बॉक्सच्या क्लिपा पातळ होत्या. जुना वाचत असेल तर वाचवा.
नंतर क्लिपा पक्कडीनं किंचित आत दाबा. फ्यूज बसवताना जोर लागला पाहिजे. शेवटी सिलिकॉन ग्रीस, अगदी पुसट. ते वीज वाहून नेत नाही, पण घट्ट क्लिपेत धातूला धातू टेकतो तिथून बाजूला सरतं आणि भोवतीची हवा-पाणी अडवतं. ढिल्या क्लिपेत मात्र उपयोग नाही.

अप्पा_बावडेकर
व्हॅसलीन चालेल की.

उद्यमनगर_इलेक्ट्रिक
अप्पा, बॅटरीला चालतं. इथं तापलं की पातळ होऊन ओघळतं.

शाहूपुरीकर
झालं. रिव्हेटखालून काळी-हिरवी पूड निघाली. सोल्डर केलं, तांब्याच्या पट्टीचे फ्यूज घातले. आता एकूण ०.०८. दोन्ही डिपर सारखे दिसताहेत. बाकीच्या क्लिपांचे रिव्हेट आत्ता बरे दिसतात. त्यांनाही सोल्डर करू का? आणि घाटात जायला हरकत नाही ना?

मीटरवाला
बॉक्स बाहेर काढलाच आहे तर सगळे करून टाका, वायपरचा तर नक्कीच. जायच्या आधी रात्री अर्धा तास इंजिन आणि लाइट चालू ठेवा, मग प्रत्येक क्लिपेजवळ बॉक्सला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. आकडा पुन्हा मोजा, वाढला नसेल तर खुशाल जा. ८ चे दोन-चार फ्यूज गाडीत ठेवा, आणि कव्हर मिळेपर्यंत बॉक्सवर पाणी येणार नाही असं काहीतरी झाकण बसवा. प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळू नका, आत घाम धरतो.

शाहूपुरीकर
वायपरचा मोजला, ०.४०. आजच करतो.