मदत हवी आहे: युनिट ग्रुप आणि क्लास ग्रुप यांचा थेट संबंध

प ही १ मॉड ४ असलेली मूळ संख्या आणि √प चं रिअल क्वाड्रॅटिक फील्ड घ्या. डिरिश्लेच्या सूत्रातून निघतं की १ ते प/२ मधल्या अवर्गशेष र (मॉड प कशाचाही वर्ग नसलेल्या संख्या) यांच्या साइन(πर/प) चा गुणाकार भागिले वर्गशेषांचा तसाच गुणाकार म्हणजे मूलभूत युनिटचा (ज्याच्या घातांतून ± धरून सगळी युनिट्स मिळतात) 'क्लास नंबर', म्हणजे क्लास ग्रुपची ऑर्डर, इतका घात. प = २२९ ला क्लास नंबर ३, मूलभूत युनिट (१५+√२२९)/२; भागाकार नेमका त्याचा घन येतो. फार सुंदर आहे हे!

म्हणजे सगळी युनिट्स भागिले सर्क्युलर युनिट्स (-१ आणि वरच्या साइन-भागाकारातून तयार होणारी) या ग्रुपची ऑर्डर क्लास ग्रुपइतकीच. पण हा भागाकार-ग्रुप नेहमी सायक्लिक, आणि प = ३२००९ ला क्लास ग्रुप सायक्लिक नाही. त्यामुळे आयसोमॉर्फिझमची आशा सोडली आहे. युनिट्सपासून क्लास ग्रुपपर्यंतच्या नेहमीच्या एक्झॅक्ट सीक्वेन्समधून सर्क्युलर युनिट्सबद्दल काहीच हाती लागत नाही. थेनचं प्रमेय वाचलंय, पण त्यातून क्लास ग्रुपचे ॲनिहिलेटर (त्यातल्या प्रत्येक घटकाला शून्य करणारे) मिळतात, ऑर्डरची समानता नाही.

गाल्वा थिअरी आणि क्लास फील्ड थिअरीची विधानं येतात; इवासावा थिअरी येत नाही. एल(१) चं (डिरिश्लेच्या एल-फंक्शनचं १ ला) मूल्य न वापरता, निदान विषम आणि प पेक्षा वेगळ्या मूळ संख्यांच्या भागापुरती तरी, ही समानता कोल्यवागिनच्या ऑयलर सिस्टिमने (सर्क्युलर युनिट्ससारख्या घटकांतून क्लास ग्रुपच्या ऑर्डरला मर्यादा घालणारी पद्धत) पूर्ण सिद्ध होते, की शेवटी क्लास नंबर फॉर्म्युला लागतोच?