मदत हवी आहे: सगळ्या लॅबना चालतील असे व्हॅक्यूम गेज

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत व्हॅक्यूम यंत्रणेची देखभाल माझ्याकडे आहे. प्रत्येक लॅबची खरेदी वेगळी, त्यामुळे पंप, गेज (व्हॅक्यूममधला दाब मोजणारं उपकरण), कंट्रोलर सगळं निरनिराळ्या कंपन्यांचं. गेज बंद पडला तर शेजारच्या लॅबचा लावावा म्हटलं, तर केबलचा कनेक्टरच जुळत नाही. तोवर एखाद्याचा प्रयोग अडकून पडतो, त्याचं फार वाईट वाटतं.

फ्लँजचं, म्हणजे पाइप आणि चेंबर जोडणाऱ्या कड्यांचं, जमलं. रफ लाइनला (सुरुवातीच्या साध्या व्हॅक्यूमच्या पाइपला) केएफ प्रकारचे, २५ आणि ४० मापाचे, अल्ट्रा हाय व्हॅक्यूमला तांब्याच्या गॅस्केटचे सीएफ प्रकारचे. घोडं अडलंय गेजवर. पिरानी गेज वायूतून किती उष्णता वाहून जाते त्यावरून दाब मोजतो, म्हणून त्याचं रीडिंग वायूप्रमाणे बदलतं आणि आमच्याकडे आर्गॉन, हेलियम दोन्ही वापरतात. पातळ पडद्यावर पडणारा दाब थेट मोजणाऱ्या कपॅसिटन्स मॅनोमीटरला तो प्रश्न नाही, पण सगळीकडे बसवणं बजेटबाहेर.

जुनी यंत्रं एकदम काढता येणार नाहीत. टेंडरमध्ये ब्रँडचं नाव घालता येत नाही. कॅलिब्रेशन (रीडिंग प्रमाणित गेजशी ताडून पाहणं) जवळच महापे-रबाळे भागात झालं तर उत्तम.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारतो: कनेक्टर, आउटपुट (०-१० व्होल्टचा अॅनालॉग सिग्नल की आरएस-४८५ हा डिजिटल) आणि कॅलिब्रेशनबद्दल स्पेसिफिकेशनमध्ये नेमकं काय लिहिलं, म्हणजे दोन कंपन्यांचे गेज एकमेकांच्या जागी चालतील?