जुन्या व्हॅनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पाटे बदलण्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

माझ्याकडे मागे कमान पाटे (लीफ स्प्रिंग) आणि पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी) असलेली एक जुनी व्हॅन आहे. आत कपाटे, अवजारे आणि पाण्याची टाकी कायमची बसवलेली असल्यामुळे ती कधीच पूर्ण रिकामी धावत नाही. मात्र एकूण वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे, हे वजनकाट्यावर तपासून घेतले आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचेच आहेत, पण त्याबरोबर सस्पेंशनही थोडे सुधारून घ्यावे असा विचार आहे, आणि नेमके कुठे थांबावे हे ठरत नाही.

गतिरोधक ओलांडल्यावर मागचा भाग लगेच स्थिर न होता वरखाली होत राहतो, आणि लांब वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलून रेंगाळते. मागच्या डाव्या शॉकच्या नळीवर तेलाचा ओघळ असून त्यावर धुळीचा चिकट थर बसला आहे. पुढच्या टायरवरून हात फिरवला की रबर ठिकठिकाणी खोलगट झिजल्याचे जाणवते. शॉक संपले आहेत, याबद्दल मला शंका नाही.

शंका पाट्यांबद्दल आहे. गाडी सपाट जागी उभी असताना मागचा बंप स्टॉप (अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) आणि अ‍ॅक्सल यांच्यात जेमतेम दोन बोटे अंतर उरते आणि पाट्यांची कमान जवळजवळ गेलेली दिसते. वजन पाटे पेलतात, शॉक फक्त त्यांची हालचाल आवरतो. तेव्हा बसलेल्या पाट्यांवर कितीही कडक शॉक लावले तरी मोठ्या खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळणे थांबणार नाही, उलट बारीक खड्ड्यांचे हादरे वाढतील, असे मला वाटते. गॅरेजमध्ये मात्र 'हेवी ड्यूटी शॉक टाका, गाडी आपोआप उचलेल' एवढेच सांगितले जाते, आणि ते मला पटत नाही.

जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान देणे स्वस्त पडते, पण पोलादावर योग्य उष्णताप्रक्रिया झाली नाही तर ते लवकरच पुन्हा बसतात असे ऐकले आहे. जादा पाटा टाकल्यास कडकपणा वाढेल, तरी भार कायमचाच असल्याने ते कदाचित चालून जाईल. एअर बेलोमध्ये (अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसणाऱ्या हवेच्या रबरी फुग्यात) हवा कमीजास्त करता येते ही सोय आहे. परंतु पाट्यांचा भार चासीवर पुढच्या-मागच्या टोकांना वाटला जातो, तर बेलोचा भार मधल्या एकाच जागी येतो, आणि माझ्या चासीला तिथे थोडा गंज आहे. म्हणून नवा पूर्ण सेट, सोबत पाटे जोडणारे नवे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट, याकडे माझा कल आहे. यापैकी कोणताही उपाय केला तरी गाडीची भारमर्यादा वाढत नाही, याची मला कल्पना आहे.

सर्वांत जास्त काळजी ब्रेकची वाटते. मागच्या ब्रेकचे प्रेशर भाराप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह चासीवर असून त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली आहे. मागची उंची वाढली की व्हॉल्व्हला गाडी हलकी झाल्यासारखी भासेल आणि मागच्या चाकांना प्रेशर कमी मिळेल. ही दांडी नव्या उंचीप्रमाणे कशी लावून घ्यावी, आणि नुसत्या मोजमापावर विसंबावे की प्रेशर गेज लावून तपासावे?

पुढे टॉर्शन बार फिरवून उंची वाढवता येते, पण त्यामुळे चाक खाली जाण्याची मोकळीक कमी होते आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाके आत-बाहेर वळलेली असणे) दोन्ही बदलतात. त्यामुळे पुढची उंची मूळ मापावर ठेवून शॉक आणि झिजलेले बॉल जॉइंट बदलावेत आणि मग अलाइनमेंट करून घ्यावे, एवढेच ठरवले आहे.

राहिला शॉकचा प्रकार. मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकमध्ये) गॅस आणि तेल वेगळे राहत असल्याने लांबच्या खराब रस्त्यावर तेलाला फेस येत नाही, पण तिच्या नळीला दगडाने पोचा पडला तर पिस्टन अडकू शकतो. ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेला शॉक) त्या बाबतीत सोशीक असते. कच्च्या रस्त्यावर नेहमी भारासह व्हॅन चालवणाऱ्यांनी कोणता प्रकार निवडला, आणि पाटे बदलल्यावर शॉकची लांबी कशी ठरवली, हे कृपया सांगावे. पाट्यांची मापे किंवा बंप स्टॉपचे अंतर हवे असल्यास मोजून कळवतो.