पोहणाऱ्या मुलांचा दम नेमका मोजायचा कसा?

पाणकोंबडी: १३ ते १५ वयाची नऊ मुलं माझ्याकडे सराव करतात, सगळी स्पर्धेत उतरणारी. दम वाढलाय की नाही हे नुसतं काठावर उभं राहून कळत नाही, म्हणून ४०० आणि २०० मीटर फ्रीस्टाईलच्या वेळा घेऊन सीएसएस (क्रिटिकल स्विम स्पीड, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल असा वेग) काढला. एका मुलीचे आकडे देते: ४०० ला ५:२०, २०० ला २:३८. फरक १६२ सेकंद, त्याचा निम्मा म्हणजे १०० मीटरला १:२१. पण त्याच वेगाने १०० चे दहा दिले, मध्ये १५ सेकंद विश्रांती, तर सहाव्यालाच तिचा दम संपला. लॅक्टेट (जोराच्या व्यायामात रक्तात वाढतं ते) मोजायचं यंत्र नाही. दुसरी एखादी चाचणी सुचवाल का?

भिजकी टोपी: टी-३०. तीस मिनिटं सलग, एका लयीत, जमेल तितकं अंतर. २१०० मीटर झाले तर १०० ला साधारण १:२६. सूत्र नाही, यंत्र नाही. फक्त लॅप मोजायला प्रत्येकामागे एक माणूस लागतो, आणि या वयातली मुलं दहाव्या मिनिटाला छताकडे बघायला लागतात. सुरुवातीला सुसाट सुटलेल्याचा आकडा तर सरळ टाकून द्यावा.

काठावरचा: ताई, चाचणी बदलायची घाई नको, आधी तुमचेच आकडे बघा. ४०० ची सरासरी १०० ला १:२० आणि सीएसएस १:२१? जीव तोडून पोहलेल्या ४०० चा वेग आणि बराच वेळ टिकणारा वेग यांत एका सेकंदाचाच फरक कसा असेल? मला २०० वर संशय आहे. या सूत्राची खोड अशी की २०० रडतखडत पोहलं की फरक कमी होतो आणि दम उलट चांगला दिसतो! तिने २:३० लावले असते तर फरक १७० झाला असता, म्हणजे १:२५. दोन्हींमध्ये किती वेळ सोडला होतात?

पाणकोंबडी: पाच मिनिटं. 🙈 सगळ्यांना एकाच संध्याकाळी उरकायचं होतं.

काठावरचा: मग झालं तर. २०० दुसऱ्या दिवशी घ्या. दोन्ही वेळा भिंतीला पाय मारून सुरुवात, डाइव्ह नाही. आणि पुढची चाचणीही त्याच लांबीच्या तलावात. २५ मीटरच्या तलावात टर्न जास्त, म्हणजे भिंतीचा धक्काही जास्त वेळा मिळतो, त्यामुळे वेळ कमी लागते. मागच्या आकड्याशी तुलनाच होत नाही.

लाल लेन: लॅक्टेटवाले २०० चे सात टप्पे घेतात, प्रत्येक आधीच्यापेक्षा वेगात, आणि टप्प्यानंतर बोट किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब. माहिती खूप मिळते, पण तुमच्या गटाला ते कशाला? लॅक्टेट ४ मिलीमोलच्या वर गेलं की वेग टिकत नाही, ही रेषा सगळ्यांना सारखी लावतात तेही मला पटत नाही, प्रत्येकाची वेगळी असते. क्रांतिक वेगाची (म्हणजे सीएसएसमागचीच) कल्पना पोहण्यात आणताना जपानच्या वाकायोशी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हेच दाखवलं होतं की रक्त न काढताही कामचलाऊ अंदाज येतो. सीएसएस खरोखर टिकणाऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच येतो, तेवढं धरून चाला. सोबत स्ट्रोक मोजा. वेग तोच, पण लॅपमागे दोन स्ट्रोक वाढले तर ती थकली आहे, घड्याळ काहीही म्हणो.

भिजकी टोपी: स्ट्रोकला +१. आणि नाडी बोटांनी मानेवर, सेट संपल्या संपल्या १० सेकंद. मनगटावरची घड्याळं पाण्यात भलतेच आकडे दाखवतात.

पाणकोंबडी: अपडेट. सोमवारी ४०० ला ५:१९, बुधवारी २०० ला २:३१. फरक १६८, म्हणजे १:२४. शनिवारी १०० चे दहा दिले. आठ बरोब्बर वेळेत, शेवटचे दोन १:२५ ला, पण पूर्ण केले. आता उरलेल्या आठ जणांचं परत घ्यायचंय. एका आईने आत्ताच विचारलंय, "आकडा तर आधीपेक्षा मंद आलाय, मग तुम्ही खूश कशाला?"

काठावरचा: त्यांना हा धागा दाखवा. 😄