महाविद्यालयाला देणगी द्यायची आहे: कमान, शिष्यवृत्ती की आणखी काही?

मुक्काम पोस्ट:
नमस्कार. आमच्या तुकडीला पदवी घेऊन यंदा २५ वर्षे होत आहेत. मराठवाड्यातील ज्या महाविद्यालयात आम्ही शिकलो त्याच्यासाठी चाळीसएक जणांनी मिळून ६ लाख रुपये जमवायचे ठरवले आहे. बैठकीत मात्र दोन तट पडले. काहींना प्रवेशद्वाराशी कमान बांधून तीवर तुकडीचे नाव कोरायचे आहे, तर काहींचे मत आहे की ही रक्कम कायम ठेवीत गुंतवून व्याजातून गुणवत्ता पारितोषिक द्यावे. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला एक वर्गमित्र यातला निम्मा भार एकटा उचलायला तयार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडूफळा:
कमान नकोच. पण पारितोषिकाबद्दलही मी साशंक आहे. ७ टक्के व्याज धरले तर ६ लाखांवर वर्षाला ४२ हजार मिळतील. तालुक्याच्या गावी खाणावळीचे महिन्याला ३ हजार धरले, तर दहा महिन्यांचे ३० हजार होतात. म्हणजे त्या व्याजात दोन मुलेही वर्षभर जेवू शकत नाहीत, आणि महागाईमुळे तेवढ्याच व्याजाची किंमत दरवर्षी घटत जाते. त्याऐवजी मुद्दलच तीन वर्षांत खर्च केले, तर सहा मुलांच्या जेवणाची पदवी पूर्ण होईपर्यंत सोय होते. माझ्या नोकरीच्या काळात शिक्षण सोडून गेलेल्या मुलांपैकी अनेकांचे शुल्क माफ झालेले होते; त्यांना अडवले ते खोलीभाड्याने, एसटीच्या पासाने आणि शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात जमा होईपर्यंतच्या महिन्यांनी. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला बक्षीस देणारे पुष्कळ भेटतात, या मुलांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

शिलालेख:
खडूफळा सरांचा हिशेब बिनतोड आहे. तरीही वास्तूंना सरसकट नावे ठेवू नयेत. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये देऊ केले. पुढच्याच वर्षी कापसाचा बाजार कोसळून त्यांचे अतोनात नुकसान झाले, पण १८७८ मध्ये ती इमारत उभी राहिली. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव आहे, हे खरेच. परंतु त्याच्या पायाशी वाचनालय आहे. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला आपल्या आईचे नाव मिळवले. त्या नावाने कोणाचे काही बिघडले नाही, उलट संस्था तरली. नावाचा मोह असेलच, तर ते अभ्यासिकेला द्यावे, जिथे रात्री दहापर्यंत दिवा आणि पंखा चालू राहील.

मात्र एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा थोडी थोडी वर्गणी नियमित जमवण्याची कर्व्यांचीच दुसरी रीत मला अधिक भावते. तरुणपणी त्यांनी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला होता. चाळीस जणांनी दरमहा ५०० रुपये दिले, तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात, आणि मग अमेरिकेतल्या मित्राच्या निम्म्या रकमेवर कोणी अवलंबून राहत नाही.

जमाखर्च:
त्या मित्राविषयी एक सावधगिरीची सूचना. तो आता परदेशी नागरिक असल्याने त्याची देणगी ‘विदेशी अंशदान’ ठरते. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी नसल्यास ती स्वीकारता येत नाही. त्याने तुमच्यापैकी कोणाच्या खात्यात पैसे पाठवून ते पुढे वळते करणे हा मार्ग तर मुळीच पत्करू नये. परदेशात राहूनही भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलेल्या पैशांना हे बंधन लागू नाही. प्राप्तिकरातील सवलत हवी असेल, तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते. त्यासाठी संस्थेची नोंदणी आधी तपासावी आणि २ हजारांवरची रक्कम रोख देऊ नये. शिवाय लाभार्थी कोण निवडणार, हे लेखी ठरवून घ्यावे. निवड समितीत एक प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक आणि तुमच्यातला एक जण, एवढे पुरेसे आहे.

मुक्काम पोस्ट:
सर्वांचे आभार. कमानीचा आग्रह धरणाऱ्यांपुढे खाणावळीचा हिशेब ठेवला, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने सांगितले की दुसऱ्या वर्षी तो स्वतः चार महिने एकाच डब्यावर राहत होता. आम्हाला हे आजवर ठाऊक नव्हते. मासिक वर्गणी पुढच्या महिन्यापासून सुरू करत आहोत. अमेरिकेतील मित्राला नोंदणीबाबत खात्री होईपर्यंत थांबायला सांगितले आहे.